खांदा आणि कुबड्या

मिठागराच्या अरुंद बांधावर दोन सावल्या... एक बाबांची, वाकलेली, आणि तिला चिकटून चाललेली माझी. पनवेलचं नाव निघालं की मला आधी हेच दिसतं, आणि नाकात तो खारा, ओल्या चिखलाचा वास भरतो. डोक्यावर मिठाची पाटी असताना बाबा बांधावरून घसरले, मांडीचं हाड वाकडं जुळलं, आणि घरातलं सगळंच वाकडं होऊन बसलं. पाट्या आई वाहू लागली. बाबांना मालकानं ठेवून घेतलं ते उघाडीवर, म्हणजे भरतीचं पाणी आगरात घ्यायच्या दारावर. तिथवर जायचं तर एका हातात बांबूची काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर. माझी शाळा त्या खांद्यापायी सुटत चालली होती.

हिवाळ्याच्या तोंडावर मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट करतात. तळ कच्चा राहिला की मीठ मातकट निघतं. एके दिवशी बाबांनी जवळची वाट म्हणून नुकत्याच तुडवलेल्या वाफ्यात पाय घातला. काठी वीतभर रुतली, आणि आम्ही दोघं चिखलात.

"तात्या, सकालपासून नाचलो आमी," तुडवणारे बाबांवर ओरडले, "आन तुमी तिथं विहीर खनली!"

संध्याकाळी सुक्या जवळ्याच्या वासानं भरलेल्या आमच्या झोपडीत आई बाबांच्या मांडीला तेल चोळत म्हणाली, "अवो, आता कुबड्या घ्या."

"कुबड्या पांगल्याला. मी पांगला नाय."

"मंग पोरीचा खांदा काय हाय? दुसरी काठीच ना? ती लाकडाची घ्या. लाकडाला शालेत जायचं नसतं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला हातानंच थांबवून बाबा एकटे, फक्त काठीवर, अंगणातल्या शेवग्याकडे निघाले... आणि प्रत्येक पावलाला त्यांचा मोकळा हात आधाराला भिंत शोधत राहिला. शेवग्याला टेकून ते बराच वेळ उभे राहिले — कुणाशी तरी हिशेब मिटवावा तसे. मग म्हणाले, "चल, सुताराकडं."

सुताराला त्यांनी बजावून सांगितलं, खाली बशीएवढं गोल लाकूड ठोक, म्हणजे चिखलात रुतायचं नाय. त्या कुबड्यांवर ते पहिल्यांदा बांधावर आले तेव्हा कुणीतरी हटकलंच, "काय तात्या, चार पायांचे झालात?"

"तुमी दोनावर घसरताव," बाबा न थांबता म्हणाले, "मी चारांवर उभा हाय."

त्या दिवशी मी शाळेत गेले. नंतरही जात राहिले. आज ते आगर नाही, बाबाही नाहीत... पण हातपाय चालले तोवर ते उघाडीवर आपले आपण गेले, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले.