मागणाऱ्यांचे व्याकरण

निधी जमवायला निघालेल्या माणसाकडे निधी जमेलच असे नाही. किस्से मात्र न मागता जमतात आणि त्यांची पावतीही फाडावी लागत नाही. आमच्या संस्थेच्या कपाटात पावतीपुस्तके कोरी पडली आहेत आणि किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. तेव्हा थोडे वाटून टाकतो.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांवर शाळा चौथीपाशी संपते. पुढे शिकू पाहणाऱ्या अठरा मुलींसाठी आम्ही भोरला वसतिगृह चालवतो. गेल्या वर्षी घरमालकाने मेअखेर जागा रिकामी करायला सांगितली. संस्थेचा एक लहानसा भूखंड होता. त्यावर शाळा उघडण्यापूर्वी दोन खोल्या उभ्या राहिल्या नाहीत, तर मुली परत शेळ्यांमागे जाणार होत्या, आणि थोरल्या बहुधा बोहल्यावर.

मागायला निघालो आम्ही तिघे. वसतिगृह सांभाळणाऱ्या सुमनताई, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर दत्तोबा, आणि जन्मभर संस्कृत शिकवत आलेला मी. दत्तोबांना घेतले, कारण अनोळखी माणसाकडून पैसे घेण्याचा अनुभव आमच्यात त्यांना एकट्यालाच होता. मला घेतले पत्रे लिहायला. ती चूक होती, असे सुमनताई अजूनही म्हणत नाहीत, नुसत्या पाहतात.

*

पहिले पत्र सारोळ्याच्या एका व्यापाऱ्याला दिले. महामार्गाला लागून खताचे दुमजली दुकान, दारात दोन टेम्पो. पत्राचा शेवट मी मोठ्या निगुतीने केला होता: ‘यथाशक्ती साहाय्य करून उपकृत करावे.’

गृहस्थांनी पत्र दोनदा वाचले, अक्षराची स्तुती केली, चहा पाजला आणि एक्कावन्न रुपये टेबलावर ठेवले. आम्ही जागचे हललो नाही, तेव्हा त्यांनी पत्रातल्या ‘यथाशक्ती’वर बोट ठेवले. “गुरुजी, तुमीच लिवलंय की. आमची शक्ती येवढीच.”

परतीच्या एसटीत दत्तोबा सासवडकडच्या एका तिकिटाची हकिकत सांगत होते. ती संपल्यावर सहज म्हणाले, “सर, कंडक्टर कधी म्हनतो का, यथाशक्ती तिकीट काढा म्हनून?”

त्या दिवसापासून आम्ही आकडा सांगू लागलो. आकडा ऐकून लोक नकार देतात, पण निदान अपमान करत नाहीत.

*

भोरच्या बाजारपेठेतले एक सराफ आकडा ऐकून प्रसन्नपणे म्हणाले, “बघू की.” मी त्यांच्याकडे चार वेळा गेलो. चारही वेळा त्यांनी तेच, तितक्याच प्रसन्नपणे म्हटले. पाचव्यांदा निघालो, तेव्हा दत्तोबांनी माझी पिशवी धरली.

मी त्यांना समजावले की ‘बघू’ हे प्रथमपुरुषी अनेकवचन आहे, त्यात कर्त्याचा संकल्प दिसतो.

“अनेकवचनच हाय,” दत्तोबा म्हणाले. “बघायचं आपुन समद्यांनी. द्यायचं कुनीच न्हाई.”

*

मग पुण्याहून एका कंपनीचे साहेब आले. कंपनीला समाजकार्यासाठी रक्कम राखून ठेवावी लागते, ती खर्ची पडेना, म्हणून ते आमच्या उद्धाराला आले होते. आल्या आल्या त्यांनी ‘इम्पॅक्ट’ विचारला. मुली शिकतात, असे सुमनताईंनी सांगितले. ते ठीक आहे, पण मोजता येईल असे काही आहे का, अशी पृच्छा झाली.

“आहे ना,” सुमनताई म्हणाल्या. “सकाळी अठरा मोजते, संध्याकाळी अठरा मोजते.”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतले नाही. त्यांना अहवालासाठी छायाचित्र हवे होते. मुली वेणीफणी करून, धुतलेले गणवेश घालून ओळीने हसत बसल्या. साहेबांनी मोबाईल खाली केला आणि तक्रार केली, की ह्या पुरेशा गरजू दिसत नाहीत.

पुढच्या ओळीतली सातवीतली सखू अदबीने उभी राहिली. “सर, गरजू म्हंजी कसं बसायचं?”

खोल्यांसाठी पैसे आले नाहीत. अठरा दप्तरे आली. त्यांवरचे कंपनीचे नाव मुलींच्या पाठीपेक्षा रुंद होते.

*

वेल्ह्याकडच्या हौसाबाईंनी मात्र कोणी न मागता इंद्रायणी तांदळाचे पोते पाठवले. पुढे काही मागण्याआधी आभार मानावेत, हा सुमनताईंचा नियम. मी संस्थेच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासह, ठळक मथळा देऊन ‘ऋणनिर्देश’ पाठवला.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हौसाबाई दारात हजर. पत्र लुगड्याच्या ओच्यात. घरात शिक्का आणि मथळा वाचून दाखवणारे कोणीतरी होते, मजकूर समजावणारे कोणी नव्हते.

“म्या कुनाचं रीन काढलंय?” त्यांनी विचारले.

त्यांना पाणी दिले, बसवले आणि ऋण आमच्यावर आहे, हे सांगायला मला पाऊण तास लागला. निघताना त्यांनी पत्र परत केले. “गुरुजी, फुडल्या खेपेला तांदूळ पायजे तर मानूस धाडा. कागूद नगं.”

*

शेवटी कामथडीचे विलासशेठ भेटले. टेम्पोच्या धंद्यात बरकत आलेली. दोन्ही खोल्यांचा खर्च त्यांनी उचलला, अर्धा लगेच, अर्धा उद्घाटनाच्या दिवशी. अट एकच: “आमच्या आण्णांच्या नावाची पाटी पायजे.”

मजकुराची जबाबदारी अर्थातच माझी. नुसते नाव मला उघडे वाटले. भोर तालुक्यात मी जेवढ्या संगमरवरी पाट्या वाचल्या, त्या सर्वांच्या आधाराने मी निर्दोष मजकूर रचला. ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासले.

शाळा उघडायला आठ दिवस होते. भिंती उभ्या होत्या, वर पत्रे नव्हते; ते उरलेल्या अर्ध्या रकमेत यायचे होते. उद्घाटनाला विलासशेठची जीप आली. तिच्यातून पांढऱ्या फेट्याचे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत उतरले आणि सरळ पाटीसमोर जाऊन त्यांनी पडद्याची दोरी धरली.

“हे कोण?” मी विचारले.

“हे आण्णा,” विलासशेठ म्हणाले.

पडदा सरकला. ‘कै. आण्णासाहेब यांचे पुण्यस्मरणार्थ.’

विलासशेठचा हात खिशाशी गेला होता, तो रिकामाच बाहेर आला. सुमनताई छप्पर नसलेल्या भिंतींकडे पाहत राहिल्या. आण्णा बोटाने अक्षर अक्षर वाचत होते. पहिल्याच अक्षरावर अडले, आणि त्यांनी शेजारी उभ्या सखूला विचारले, “पोरी, ह्यो ‘कै’ म्हंजी काय?”

मुलींनी नेहमी खरे बोलावे, असे मीच शिकवले होते.

“कैलासवासी, आण्णा. म्हंजी वारल्यालं मानूस.”

आण्णांनी पाटी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. मग मुलाकडे वळले.

“इलास, चेक दे त्यास्नी. मेलेल्या बापाचा शबूद मोडू न्हाई.”