वेळ पाहणारी

शाळेत त्यांना सगळे गटबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की ‘गटबाई’. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा राग नव्हता, आतून थोड्या गुदगुल्याच होत. बावीस वर्षं सहावी, सातवी, आठवीच्या पोरांपुढे घसा फोडल्यावर माणसाच्या पदरात एखादं टोपणनाव तरी पडायला हवं. शेजारच्या वर्गावरच्या मास्तरांना तेवढंही मिळालेलं नव्हतं.

बाईंच्या वर्गात नऊ टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाला चार खुर्च्या. टेबलावर चार पुठ्ठ्याची कार्डं, गळ्यात अडकवायला दोरी लावलेली: एक वाचणाऱ्याचं, एक लिहिणाऱ्याचं, एक बोलणाऱ्याचं आणि एक वेळ पाहणाऱ्याचं. धडा चौघांनी मिळून फोडायचा. दर सोमवारी कार्डं एक खुर्ची पुढे सरकायची, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक काम. फळ्याच्या वर बाईंनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: ‘गटात कुणालाही मागं सोडायचं नाही.’ हे वाक्य एका प्रशिक्षणात सगळ्याच शिक्षकांना सांगितलं होतं. बाकीचे चहा येईपर्यंत विसरले, बाईंनी मात्र ते गाठीला बांधलं. त्यांचा वर्ग पाहायला दुसऱ्या शाळांतून माणसं येत, मागं उभी राहून माना डोलावत आणि परत जाऊन पुन्हा आपल्या पोरांना ओळीत बसवत.

एकच माणूस बाईंच्या या व्रताला भीक घालत नसे. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघी एकाच घरात राहत. ताई पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची आणि तोंडात टाचण्या धरूनही स्पष्ट बोलायची.

“तुझे गट म्हणजे चार पायांचं टेबल गं,” ती एकदा म्हणाली. “एक पाय आखूड असला की खाली कागदाची घडी सारतात. टेबल हलत नाही, पण म्हणून पाय काही लांब होत नाही.”

“तू आपल्या विजारी आखूड कर,” बाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला बसल्या.

खिडकीजवळच्या टेबलावर चार मुली होत्या. सहावीपासून एकत्र, जशा एका माळेचे मणी. त्यातल्या तिघी चुणचुणीत, आणि त्या तिघींतही एक अशी बडबडी की बोलणाऱ्याचं कार्ड गळ्यात नसलं तरी तिचं बोलणं थांबत नसे. चौथीला सगळे घड्याळ म्हणत. कारण कुठल्याही आठवड्यात पाहावं तर वेळ पाहणाऱ्याचं पिवळं कार्ड तिच्याच गळ्यात. बाईंनी हे सहावीतच दोनदा पकडलं होतं.

“बाई, तिला तेच आवडतं,” बडबडी म्हणाली होती. “आणि मनगटावर घड्याळ नसतानाही तिचं अर्ध्या मिनिटानं चुकत नाही. बघा हवं तर.”

बाईंनी पाहिलं. पोर खरंच चुकत नव्हती. चर्चा रंगात आली की हळूच म्हणायची, “दोन मिनिटं राहिली,” आणि भिंतीवरचं घड्याळ साक्ष द्यायचं. बाईंना वाटलं, बुजरं लेकरू आहे, त्याला आपली जागा सापडली आहे, कशाला उपटा! शिवाय तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुरेख होतं. तिच्या वहीची पानं बाईंनी बाहेरच्या फलकावर लावली होती. एकदा परीक्षेच्या उत्तरात शेजारणीनं खोडलेला शब्द हिनंही जसाच्या तसा, खोडण्याच्या दोन रेघांसकट, सुबक उतरवला होता. बाई त्यावर हसल्या. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवून हसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा असतो, पण ज्याच्या काखेत असतो त्याला तो कधी टोचत नाही.

सातवीच्या मध्यावर वरून नवा नियम आला. वर्षअखेरीस प्रत्येक मुलानं बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर एकट्यानं एक अनोळखी उतारा तीन मिनिटांत वाचायचा. वाचता आला तर आठवी, नाही तर नाही. बाईंनी तो कागद वाचला आणि निर्धास्तपणे फायलीत लावला. त्यांच्या वर्गात न वाचणारं कुणी नव्हतंच.

मग डोळे आले. सगळ्या शाळेत साथ पसरली आणि खिडकीजवळच्या तिघी एकदमच घरी बसल्या. टेबलावर घड्याळ एकटीच. बाई सहज तिच्याकडे गेल्या, वाचणाऱ्याचं लाल कार्ड उचलून तिच्या गळ्यात घातलं आणि पुस्तक पुढे सरकवलं.

“आज तू वाच. पहिला परिच्छेद, मला ऐकू दे.”

पोरीनं पुस्तक सरळ केलं. बोट ठेवलं आणि वर पाहिलं. “बाई, पाच मिनिटं राहिली.”

“राहू देत. वाच.”

“बाई, साडेचार.”

बाईंनी बोटानं एक शब्द दाखवला. मग त्याहून लहान शब्द, मग एकच अक्षर. पोर त्या अक्षराकडे पाहत राहिली, रस्त्यावर भेटलेल्या माणसाचं नाव आठवू नये तशी. घंटा झाली. बाईंना पोरीचा राग आला नव्हता. दोन वर्षं ही आपल्यासमोर बसली आणि आपण तिला एकदाही, एकटीला, ‘वाच’ म्हटलं नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतला चहा त्यांनी घेतला नाही.

परीक्षेला नऊ आठवडे होते.

बाई त्या मुलीच्या आईला भेटायला गेल्या. आई एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. वाफेनं भरलेल्या त्या खोलीत तिनं इस्त्री न थांबवताच ऐकून घेतलं.

“बाई, तुमच्या वर्गात आहे म्हणून मी बिनघोर होते,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात, त्या बाईंच्या हाताखालचं मूल वाया जात नाही.”

तिनं चादर उलटवली आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

“मी हट्टी नाही. आठवीत गेली तर शिकेल, मी राबेन. पण नाहीच गेली तर तेच वर्ष पुन्हा करायला मी नाही पाठवायची. माझ्या शेजारच्या टेबलावर जागा होते आहे. तिथे चादरीच्या घड्या घालील.” मग तिनं इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदाच बाईंकडे नीट पाहिलं. “होईल ना हो तिचं?”

“होईल,” बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

बाईंनी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. आणखी वर्षभराची सवलत मागूया म्हणाल्या. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त निवृत्तीला टेकलेले होते. त्यांनी फॉर्म काढून वाचला. “इथे विचारलंय, अडचण पहिल्यांदा केव्हा लक्षात आली. सहावीत आली असं लिहिलं तर तुम्ही काय केलंत विचारतील. आत्ता आली असं लिहिलं तर आत्तापर्यंत काय करत होतात विचारतील.” बाईंनी तरीही खरं ते लिहून अर्ज पाठवला. मुदत सहामाहीलाच संपल्याचं तिकडून दोन ओळींत कळलं.

मग रोज शाळेआधी पाऊण तास, जिन्याखालच्या नकाशांच्या खोलीत, बाई आणि घड्याळ. आणि तिथे बाईंना दुसरा धक्का बसला. एका मुलाला अक्षर कसं शिकवतात हे त्यांना येतच नव्हतं! मोठ्या मुलांना धडे कसे फोडायचे ते त्यांना ठाऊक. अक्षर शिकवणं हे पहिलीच्या बाईंचं काम. त्या पहिलीच्या बाईंकडे गेल्या, वयानं निम्म्या मुलीपुढे विद्यार्थिनीसारख्या बसल्या, वाळूचं ताट आणि अक्षरांचे ठोकळे मागून आणले. पोरीनं बोटानं वाळूत अक्षरं काढली. इतकी देखणी काढली की बाईंना ताट पुसवेना. चित्रंच होती ती. दोन वर्षं ती शेजारणीच्या वहीतून चित्रंच काढत आली होती.

पोर मेहनती होती, रडत नव्हती, एकही सकाळ चुकवली नाही. सहाव्या आठवड्याला सगळी अक्षरं आली. आठव्याला दोन-दोन अक्षरांचे शब्द. जोडाक्षर आलं की भिंत. नवव्या आठवड्यात बाईंनी वेळ लावून उतारा वाचून घेतला. तीन मिनिटांत चार ओळी झाल्या. उतारा चौदा ओळींचा असायचा.

“जमतंय की,” बाई म्हणाल्या.

“बाई, दहा राहिल्या,” पोर म्हणाली. हिशोब तिला चांगला यायचा.

घरी बाई जेवल्या नाहीत. ताईनं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, हे क्वचितच घडे. टेबलाचा दाखला तिनं पुन्हा दिला नाही. नुसती म्हणाली, “आधी कळलं असतं तर झालं असतं गं तुझ्यानं.” बाईंना वाटलं, हिनं टोचून बोललेलं बरं होतं.

इकडे त्या तिघींचे डोळे बरे झाले होते आणि त्यांनी आपलं व्रत सोडलं नव्हतं. बाईंना न सांगता त्यांनी मधल्या सुट्टीत काम काढलं होतं. त्यांचा तर्क असा की उतारा अनोळखी म्हणजे पुस्तकातल्याच न शिकवलेल्या धड्यांतला. दुसरं कुठून आणतील? तसे सहा उतारे त्यांनी घड्याळकडून पाठ करून घेतले. कुठला कुठला हे ओळखायला चित्र: जहाज असलं की हा, विहीर असली की तो, पूल असला की तिसरा. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, बोट ओळीवरून किती हळू सरकवायचं, सगळं घोटून घेतलं. मागं कुणाला सोडायचं नाही, हे त्या शिकल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी बाई बंद दाराबाहेर पाण्याचा ग्लास हातात धरून उभ्या राहिल्या. आत खुर्ची सरकली. परीक्षक बाई मऊ आवाजात काहीतरी म्हणाल्या. आणि मग घड्याळचा आवाज आला.

“नदीवर पूल नव्हता तेव्हा माणसं नावेतून पलीकडे जात. नाव येईपर्यंत काठावर वाट पाहत...”

स्वच्छ, न अडखळता. स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन. क्षणभर, अगदी क्षणभर, बाईंना वाटलं की झालं! कसं ते कळत नाही, पण झालं. बावीस वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. मग पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि त्यांना ती वाक्यं ओळखू आली. तो पुस्तकातला अकरावा धडा होता. सकाळी त्यांनी स्वतः उताऱ्यांची पाकिटं मोजून टेबलावर ठेवली होती. पुस्तकातला उतारा एकाही पाकिटात असणार नव्हता, हे नियमातच लिहिलेलं होतं. कागदावर पुलाचं चित्र असणार, एवढंच. आत परीक्षक बाईंनी तिला थांबवलं नाही. बहुधा त्यांच्याच्यानं थांबववलं नाही. पोर बोट सरकवत शेवटपर्यंत गेली.

दार उघडलं. घड्याळचा चेहरा असा उजळला होता की बाईंना तो पाहवेना.

“बाई, वेळेत झालं! दहा सेकंद उरली. मी मोजत होते.”

“हो गं,” बाई म्हणाल्या. “वेळेत झालं.”

जिन्यापाशी तिघी वाट पाहत होत्या. त्यांनी तिला मिठ्या मारल्या, ओरडल्या, चौघींनी एकमेकींचे हात धरून गिरकी घेतली. मागून परीक्षक बाई बाहेर आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “मुलगी गुणी आहे हो. पण तिनं कागदावरचं एक अक्षरही वाचलं नाही. मला नापास लिहावं लागेल.” बाईंनी मान हलवली आणि हातातला ग्लास त्यांनाच दिला.

निकाल आठ दिवसांनी लागणार होता. तोवर गप्प राहता आलं असतं. पण बाईंनी त्याच दुपारी चौघींना नकाशांच्या खोलीत नेलं आणि सांगून टाकलं. कागदावर दुसराच पूल होता, म्हणाल्या.

बडबडीचे डोळे पुन्हा लाल झाले. “पण बाई,” ती म्हणाली, “तुम्हीच लिहिलंय ना फळ्याच्या वर? आम्ही तर तिला कुठेच मागं सोडलं नाही. सहावीपासून, एकदाही नाही.”

“नाही सोडलंत,” बाई म्हणाल्या. “तुमची काही चूक नाही.”

घड्याळ रडली नाही. पुढच्या महिन्यापासून आईच्या शेजारच्या टेबलावर आपल्याला चादरींच्या घड्या घालायच्या आहेत हे तिला बहुतेक घरीच कळलं होतं. तिनं गळ्यातलं पिवळं कार्ड काढलं, दोरी बोटांना गुंडाळून नीट बांधली आणि कार्ड बाईंच्या पुढे धरलं.

“बाई, आता वेळ कोण बघेल?”

बाईंनी कार्ड घेतलं. दोन वर्षांत दोरी दोनदा बदललेली होती. कार्डावर तिनं आपल्या सुरेख अक्षरात ‘वेळ पाहणारी’ असं लिहिलं होतं, कुणाच्या तरी कागदावरून बघून.