दुमडलेल्या कोपऱ्याचं वचन

शेवंताचा कुणावर विश्वास नसायचा. गोव्यातल्या तुयेच्या नाक्यावर पाव घेताना वरचा सोडून तळाचा काढणार आणि तोही दाबून बघणार. गडहिंग्लजहून नवऱ्याच्या मागोमाग आली, तो देवाघरी गेला, मग कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापून तिनं एकुलती योगिता वाढवली. आता योगिताला मिरजेला नर्सिंगला जागा मिळाली होती. फॉर्मवर आईची सही सोमवारपर्यंत हवी होती.

सही करावी की घरात एकटं पडायचं टाळावं? तिच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "पाठवा, प्रभूची इच्छा दिसते."

'दिसणारच. पाळकांच्या मेव्हणीची खानावळ आहे ना मिरजेत!' शेवंता मनात म्हणाली.

शेजारच्या रुक्मिणीचं उलटं. "तरण्या चेडवाक परमुलखात कित्याक धाडतंस गो?"

हिच्या नातवाला योगिता फुकट शिकवते, हे शेवंता थोडीच विसरणार?

शेवटी तिनं बिस्किटाचा डबा काढला. त्यात बायबलातल्या वचनांची कार्डं होती. नव्या वर्षाला प्रार्थना करून प्रत्येकानं एक काढायचं, वर्षभर ते आपलं. तिनं डोळे मिटून काढलं. आपलं घर धरून राहा, अशा अर्थाचं निघालं. पुन्हा काढलं, तेच. तिसऱ्यांदाही तेच! आनंद व्हायचा, तर तिला आपल्याच हाताचा संशय यायला लागला.

डबा घेऊन ती निवृत्तीकाकांकडे गेली. डिचोलीला खाणीचा ट्रक चालवून म्हातारा झालेला माणूस, मंडळीतला वडीलधारा. साखरेनं डोळे नेले होते. त्यांनी सगळी हकिगत ऐकली, थोडा वेळ प्रार्थना केली, मग कार्डं चाचपली. एकावर बोट थांबलं.

"ह्याचा कोपरा दुमडलाय गं."

तीनदा निघालेलं ते हेच. नवऱ्याच्या आजारपणात हेच कार्ड मुठीत धरून शेवंता बसायची. बोटांना ते बरोबर सापडत होतं.

"म्हणजे देव नाही, तूच बोलतेस," काका म्हणाले. "पोरीला काय हवंय?"

"जायचंय."

"मग पाठव. तिच्यासाठी आपण देवाकडे मागितलं होतं, ते मिळालंय. तुझ्यासाठी आता वेगळं मागू."

"तुमचा काय फायदा त्यात?"

काका खो खो हसले. "फायदा? दर रविवारी मला पवित्र शास्त्र कोण वाचून दाखवतं? तुझीच पोर! माझं नुकसानच आहे, बये."

स्वतःच्या तोट्याचा सल्ला देणारा माणूस शेवंताला पहिल्यांदाच भेटला. घरी येऊन तिनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत सही केली.

योगिता गेली. रविवारी तिच्या जागी दुसरीपर्यंत शिकलेली शेवंता काकांपुढे वाचायला बसली. जुन्या राजांची नावं आली. जीभ वळेना, तिनं चारपाच हळूच वगळली.

"चौदा आहेत," काका म्हणाले. "तू नऊच वाचलीस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला सगळी पाठ आहेत."

शेवंतानं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि डोळे बारीक केले. पाठच आहेत, तर ह्या म्हाताऱ्याला वाचून दाखवायला माणूस हवं होतं कशाला? आणि नुकसान ते कसलं?

काका मिशीत हसत होते.

"पहिल्यापासून वाच," ते म्हणाले.