सील तोडलं त्या दुपारी

उदगीरच्या बाहेर, लातूर रस्त्याला, माळावर भाज्या गोठवण्याचा एक कारखाना आहे. तिथं मी काही वर्षं माल तपासायचं काम केलं. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा यायच्या. बायका त्या सोलायच्या. दाणे गोठवून, खोक्यांत भरून कंटेनरनं मुंबईच्या बंदरावर जायचे आणि तिथून जहाजानं अमेरिकेला. आपण बांधावर उभ्या उभ्या खातो ते दाणे तिकडं लोक बर्फासारखे कडक झालेले विकत घेतात, याचं बायकांना फार हसू यायचं.

गोठवलेला माल ठेवायच्या खोलीला सगळे नुसतं ‘कोल्ड’ म्हणत. आत शून्याखाली अठरा. दार वीतभर जाड. ते लागलं की आतला आवाज बाहेर येत नसे. आतून उघडायला एक दांडा होता, तो ढकलायचा. त्यावर बर्फ साचायचा. मी मॅनेजर साहेबांना सांगितलं होतं. मिस्त्री येतो म्हणाला होता, पण आला नव्हता.

हंगामाच्या सुरुवातीला एक साळुंकी आत शिरली होती. कधी शिरली कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खोक्यांच्या मागं सापडली, पाय वर, डोळे उघडे. बायका हात लावेनात. लोह्याकडच्या मावशींनी ती उचलली, पदरात घेतली आणि बाहेर लिंबाखाली पुरून आल्या.

या मावशी म्हणजे पन्नाशीच्या, अंगानं काडीसारख्या. नवरा गेल्यावर लोह्याकडचं गाव सोडून लेकीसह उदगीरजवळ राहायला आलेल्या. कंटेनर भरताना छताखाली हातभर जागा मोकळी ठेवतात, गार हवा फिरायला. खोकी सरळ करायला त्या जागेत सरपटत जाणारं माणूस म्हणजे मावशीच. ‘‘मला थंडी वाजत न्हाई, मॅडम,’’ म्हणायच्या. ‘‘हाडंच हायत नुसती, वाजायचं काय त्यात?’’

त्या दिवशी सकाळपासून कंटेनर भरून चालला होता. दुपारपर्यंत शेवटची खोकी गेली. मालक मुद्दाम आले होते. त्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, डाळीची पेढी, कपाळावर विभूती, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. मी तापमान बघून सही केली. दार लावलं, सील ठोकलं. आप्पांनी चाकापाशी नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. कंटेनर गेला, आप्पाही उदगीरला गेले, आणि बायका डबे घेऊन बसल्या.

मावशींचा डबा तसाच होता.

त्यांच्या शेजारी बसणारी बाई म्हणाली, ‘‘मॅडम, मावशी कुठं हायत? चपला तर कोल्डच्या दाराशीच हायत त्यांच्या.’’

खरंच होत्या. कारखान्याचे गमबूट आणि निळं जाकीट मात्र खुंटीवर नव्हतं. आम्ही कोल्ड उघडलं. धुकं पायांवर आलं. हाका मारल्या, रॅकच्या मागं पाहिलं, कोपरे पाहिले. कोणी नव्हतं. संडास पाहिले, शेंगांचे ढीग पाहिले. मग एक हमाल हळूच म्हणाला, ‘‘सकाळी मावशी कंटेनरात वर चढल्या होत्या. उतरताना मी तरी न्हाई बघितलं.’’

मी कंटेनरचं दार लावलं तेव्हा मला फक्त खोक्यांची शेवटची भिंत दिसली होती. वर, त्या हातभर जागेत, एक बाई निपचित पडलेली असती तरी दिसली नसती.

मी ड्रायव्हरला फोन लावला. तो लातूरच्या अलीकडं एका धाब्यावर जेवायला थांबला होता.

‘‘भाऊ, आतून काही आवाज आला का?’’

‘‘आला होता. ठोकल्यागत, मधून मधून. मला वाटलं खोकं पडलं असंल.’’

साहेब, मी आणि दोन हमाल जीपमध्ये बसलो. रस्त्यानं साहेब सारखं एकच बोलत होते, ‘‘सील तोडलं तर माल तिकडं कोणी घेणार नाही. आधी आप्पांना विचारायला पाहिजे.’’ त्यांनी फोन लावला, सगळं सांगितलं. आप्पांचा आवाज मलाही ऐकू आला, ‘‘विचारता काय? तोडा.’’

धाब्याशेजारच्या गॅरेजमधून लोखंड कापायची मोठी कात्री आणली. सील तुटलं. दार उघडलं तसं धुकं उन्हात सांडलं. मी ‘‘मावशी! ओ मावशी!’’ म्हणून ओरडले. आतून फक्त पंख्याची घरघर. हमालांनी मला वर चढवलं. मोबाइलच्या उजेडात मी खोक्यांवरून सरपटत निघाले. छत डोक्याला लागत होतं, श्वास समोर गोठत होता. पुढं काहीतरी निळं दिसलं. मी हात पुढं केला, पण तो तिथपर्यंत नेववेना. डोळे मिटून धरलं. प्लॅस्टिकचा कागद होता.

शेवटपर्यंत गेले. वर कोणी नव्हतं. तरी आम्ही खोकी उतरवू लागलो, कारण मधल्या एखाद्या फटीत मावशी घसरल्या असतील, असं प्रत्येकाच्या मनात होतं. रस्त्याकडेला खोक्यांची रास वाढत चालली. पुठ्ठे घामेजले. धाब्यावरची माणसं जेवण सोडून येऊन उभी राहिली. निम्मा कंटेनर मोकळा झाला तेव्हा कारखान्यातून फोन आला, ‘‘मॅडम, मावशी घरी हायत. लेकीनं निरोप धाडला.’’

मी तिथंच खोक्यावर बसले. हसू आलं, मग रडू आलं, मग त्यांचा भयंकर राग आला. ड्रायव्हर कंटेनरकडं बघत म्हणाला, ‘‘मग ठोकत कोण होतं?’’

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मावशी मावळतीच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसल्या होत्या. जाकीट अजून अंगावर होतं. लेक त्यांचे हात आपल्या हातांत धरून बसली होती. बोटं मेणासारखी पांढरी.

‘‘कोल्डच्या कोपऱ्यातला बर्फ झाडत होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागनं दार लागलं. दांडा हललाच न्हाई. मग ठोकलं. लई ठोकलं. हातमोजे काढून ठोकलं, का तर आवाज जास्त होईल.’’

‘‘कधी, मावशी?’’

‘‘कंटेनर भरून झाल्यावर.’’

म्हणजे आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा.

‘‘मग एकानं ट्रॉली आत ढकलायला दार उघडलं. तो फोनवर बोलत होता. मी त्याच्या बाजूनं निघाले. त्यानं बघितलं बी न्हाई.’’

‘‘कोणाला सांगितलं कामून नाही?’’

‘‘दातखीळ बसली होती, बाई. तोंड उघडत नव्हतं. आन वाटलं, थांबले तर पुन्हा आत धाडतील. मागच्या गेटनं ऊन दिसलं, तिकडं चालत सुटले.’’

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः त्यांना लातूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे काळे पडले होते, ते काढावे लागले. उतरवलेला माल परदेशी पाठवण्याजोगा राहिला नाही. लातूर-नांदेडच्या लग्नांच्या आचाऱ्यांनी तो उचलला. आठवड्याच्या आत मिस्त्री आला. दांडा नवा बसला, आत एक लाल बटण आणि बाहेर मोठी बेल लागली. मावशी पुन्हा कामावर आल्या नाहीत. मी अधूनमधून जायचे. त्या चहा द्यायच्या, पण कप डाव्या हातानं पुढं करायच्या आणि कारखान्याचं काही विचारायच्या नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची लेक कामाला आली. मी म्हणाले, ‘‘तू सोलायला बस, आत नको जाऊस.’’ ती म्हणाली, ‘‘आत पगार जास्त हाय, मॅडम.’’

पहिल्या दिवशी तिनं जाकीट घातलं, आत गेली आणि काम सुरू करायच्या आधी लाल बटण दाबलं. बेल एवढ्यानं वाजली की शेंगा सोलणाऱ्या बायका उठून धावत आल्या. ती दारात उभी होती. ‘‘काही न्हाई,’’ म्हणाली. ‘‘वाजते का बघितलं.’’ मग तिनं ट्रॉली आत ओढली, आणि दार आपल्या वजनानं तिच्या मागं लागलं.