दोषाची ओळ

ठिणगी गुरुजींवर खार खाऊन होती आणि ते ती लपवतही नव्हती. का लपवावं? त्यांनी तरी कुठे लपवलं होतं? ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. त्याचं काम जगभरची माणसं उघड्यावर, एका मेलिंग लिस्टवर करतात. तिथे ठिणगीने पहिलीवहिली दुरुस्ती पाठवली, तेव्हा गुरुजींनी सगळ्यांदेखत उत्तर दिलं होतं, "आधी अक्षरओळख करून घ्या, मग या." पुढे तीच दुरुस्ती जरा फिरवून त्यांनी स्वतःच्या नावावर घातली. कर्नेलचा तो भाग त्यांच्याच ताब्यात, मग जाब विचारणार कोण? तो मेल अजून तिथेच आहे. मुलाखतीला गेली की समोरचा तो आधीच वाचून बसलेला असायचा आणि गालात हसायचा.

मग दवाखान्याची तक्रार आली. ठिणगीची कंपनी पलंगाशेजारचे मॉनिटर बनवते आणि त्यांतही हाच कर्नेल चालतो. नाडीचा सेन्सर जोडला की पडद्यावर त्याचं नाव यायला हवं. तिथे कचरा यायचा, नाहीतर भलत्याच उपकरणाचं नाव.

"कुठला आकडा कशाचा, ते मी ओळखू कशी? वासावरून?" नर्सबाई फोनवर कडाडल्या.

ठिणगीने कोड खणून काढला. उपकरण जोडलं की त्याला आधी तात्पुरतं नाव मिळतं आणि नोंदणी होताहोता ते बदलून पक्कं होतं. जुन्या नावाची जागा मोकळी होते, तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसतं. हा कोड मात्र नोंदणीच्या आधीच जुन्या नावाचा पत्ता खिशात टाकायचा आणि नंतर जन्मभर तेच दार ठोठावत बसायचा. उपाय सोपा होता. नाव विचारणारी ओळ उचलायची आणि नोंदणीच्या खाली नेऊन ठेवायची.

ही घोडचूक केली कुणी, ते तिने कोडमधल्या बदलांच्या इतिहासात पाहिलं आणि एकटीच टाळी वाजवली.

"ताई, सापडला!"

"कोण, चोर?" थोरली बहीण भाजी चिरता चिरता म्हणाली.

"त्याहून वरचढ. गुरुजी!"

या कर्नेलवाल्या लोकांचा एक रिवाज आहे. दुरुस्तीच्या तळाशी चूक कुठल्या जुन्या बदलाने आली, ते लिहायचंच. ठिणगीने ती ओळ इतक्या चवीने लिहिली की जेवायचं विसरली.

दुरुस्ती लिस्टवर गेली आणि दुपारी गुरुजींचा फोन आला. आवाजात नुसता मध.

"दुरुस्ती छान आहे हं, पोरी. फक्त ती खालची ओळ काढ. आजच्या आज मंजूर करतो."

"आणि नाही काढली तर?"

"मग मला सवड होईल तेव्हा बघेन. व्याप खूप असतो गं."

म्हणजे महिनोन्‌महिने दाबून बसणार. आणि ओळ काढली तर नुसता सूड हुकत नव्हता. जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या पोचवणारी मंडळी तीच ओळ बघून दुरुस्ती उचलतात. ओळ नाही, तर दवाखान्यातल्या जुन्या मॉनिटरवर कचरा कायम.

फोन ठेवून तिने ताईला सगळं सांगितलं.

"काढून टाक की," ताई म्हणाली. "भांडून काय मिळणार?"

"तू बहीण आहेस की त्यांची वकील?"

"माझ्या हातात सुरी आहे. जपून बोल."

ठिणगीने थेट लिस्टवर लिहिलं: "गुरुजींनी आत्ता फोन करून ही ओळ काढायला सांगितलं. काढली तर जुनी यंत्रं दुरुस्त होणार नाहीत. का काढावी, ते त्यांनी इथे सगळ्यांसमोर सांगावं. माझी अक्षरओळख झाली आहे."

"शेवटचं वाक्य तेवढं खोड," ताई मागून वाचत म्हणाली.

"त्याच्यासाठीच तर वरची लिहिली," ठिणगीने सांगितलं आणि पाठवून दिलं.

लिस्टवर मग कुणीतरी परक्याने विचारलं, "हो, का काढावी?" पाठोपाठ दुसऱ्याने. तिसऱ्याने नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. संध्याकाळी गुरुजींचं उत्तर आलं. "मंजूर." ओळीसकट.

ठिणगीने ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं. पोट काही भरेना. एका शब्दात सुटला माणूस! नाक घासायला हवं होतं. बाह्या सरसावून तिने त्यांचा दुसरा कोड उघडला. इथेही तोच गाढवपणा असणार, याची तिला खात्री होती.

तिथे नाव नोंदणीनंतरच घेतलं होतं. पुढच्या माणसाला कळावं म्हणून वर नीट टीपसुद्धा लिहिली होती.

"आता काय झालं तोंड वाकडं करायला?" ताईने विचारलं.

"हे बरोबर लिहिलंय मेल्याने," ठिणगी म्हणाली आणि तिने तिसरा उघडला.