पार्सलबायचे दोन डावे बूट

पार्सलबायला ॲपवरचा मापांचा तक्ता मान्य नव्हता. "मीडियम म्हंजे कुनाचा मीडियम?" असं विचारून ती दोन मापं मागवायची आणि एक परत पाठवायची. पुष्कळदा दोन्ही.

तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. पालघरच्या आमच्या कॉलेजात सगळे तिला पार्सलबायच म्हणत. ती तारापूरच्या पुढच्या एका कोळीवाड्यातली. तिथे कुरियर पोचत नसे. 'ग्राहक सापडला नाही' असा मेसेज येई आणि वस्तू आल्या वाटेने परत जाई. म्हणून तिने, मला न विचारता, आमचा बोईसरचा पत्ता टाकला. तिच्या आईचे हातमोजे, मावशीचे गाऊन, शेजारणीच्या जावेची इस्त्री, सगळं आमच्या दारात. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची तर मी आधी मनात तालीम करते. तिच्यामुळे दिवसाआड बेल वाजायची.

सर्वांत जास्त चीड यायची ती परतीची. टॅग आत सारून गॅदरिंगला कुर्ता घालायचा, घाम निघेपर्यंत नाचायचं, आणि मग तो माझ्या हातून परत. न्यायला आलेला माणूस आधी कुर्त्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी एकदा तिला बोलले, तर म्हणाली, "वापरला नाय, पारखला."

तिची आई मासळी विकणारी, त्यामुळे पारखण्याचे तिचे नियम कडक होते. कल्ला उचलून बघितल्याशिवाय पापलेट घेत नाहीत, तसं पार्सल उघडून बघितल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, हे तिने मला दहादा बजावलं होतं. शिवाय तक्रारी मी लिहायच्या, कारण मी इंग्रजी शाळेतली. ती शिव्या सांगायची, मी त्यांचं नम्र इंग्रजी करायचे.

शेवटच्या वर्षी तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी मुलाखती ठरल्या. घरून जाऊन-येऊन करता येईल अशी ती एकच नोकरी, आणि तिला ती जिवापाड हवी होती. काळे बंद बूट सक्तीचे होते. तिने जन्मात चपलांशिवाय काही घातलं नव्हतं. तिने बूट मागवले.

पार्सलवाल्याने दारात विचारलंही, खोका उघडून बघायचाय का. तो उभा राहणार, मी त्याच्यासमोर चिकटपट्टी सोलत बसणार, या विचारानेच मला नको झालं. मी नकारार्थी मान हलवली, ओटीपी सांगितला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात खोका उघडला. दोन्ही बूट डाव्या पायाचे.

"उघडून बघितलं नायस?"

"त्याने उघडूच दिलं नाही," मी म्हणाले.

ओटीपी दिला म्हणजे माल बघून घेतला, आता परत नाही, असं म्हणणाऱ्या हेल्पलाइनशी ती चार दिवस भांडत होती. माझी मैत्रीण खोटं बोलत नाही, असं ती तिच्या हिंदीत परत परत सांगायची, आणि मी शेजारी बसून वहीत रेघा ओढायचे. लेखी तक्रार द्या, त्या माणसाला कामावरून काढू, असं तिकडून उत्तर आलं. ती मजकूर सांगू लागली. मी डोकं दुखण्याचं निमित्त केलं. पाचव्या दिवशी तिने अचानक सगळंच सोडून दिलं. 'जाऊ दे' एवढंच म्हणाली. मुलाखतीला चपला घालून गेली. निवड झाली नाही. बुटांमुळेच, असं कोणी म्हणालं नाही.

वर्षभराने तिला वापीला नोकरी लागली. बोईसर स्टेशनवर तिला सोडायला गेले, तेव्हा बाकावर बसून मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती वेफर्स खात राहिली.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्याला शिव्या घालायला गेले व्हते ना मी. तो म्हनाला, मॅडमला इचारलं व्हतं."

मग तेव्हाच का बोलली नाहीस, म्हणून मी उलट तिच्यावरच चिडले.

"तू कदी बोलतेस ते बघत व्हते. वरीस लावलंस, बाय."