कोणता राजीनामा?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय ते विचारू नका — आणि तुम्ही तरी हे बाहेर बोलणार नाही कशावरून? बघा, हा माझा स्वभाव. माणूस समोर बसला की आधी त्याच्या मनात काय शिजतंय ते मी हुंगत बसतो. वकिलीत तो गुण म्हणून खपला.

उस्मानाबादेत दादासाहेबांचं ऑफिस म्हणजे जिल्ह्यातलं सर्वांत मोठं. सात-आठ वकील, कारकून, ओसरीभर पक्षकार. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पुण्याला कायदा शिकून मी तिथं लागलो, आणि खरं सांगतो, त्या कामानं मला आयुष्यभर सुख दिलं. युक्तिवाद रंगला की जेवणाची शुद्ध राहत नसे. पण ज्या खुर्चीवर बसून ते सुख भोगलं, ती खुर्ची — थांबा, आधी कादरीसाहेबांचं सांगतो.

कादरीसाहेब निजामाच्या काळापासूनचे वकील, वयानं माझ्याहून बरेच मोठे. जुने उर्दू कागद मला तेच वाचून दाखवत. डबा उघडला की अर्धा माझ्यापुढं सरकवत. तरी मला त्यांचा संशय. विरुद्ध बाजूच्या वकिलांशी ते उर्दूत बोलत, हसत. काय बोलत असतील? आपल्या केसेस तर फोडत नसतील? हाच संशय मला एखाद्या कुलकर्ण्याचा आला असता का? नसता आला.

एकदा कोर्टाच्या आवारात ते त्या वकिलांना हळूच म्हणाले, "राजीनामा तैयार है. हमारे साहब को अब्बी नक्को बोलो. मैं खुद बोलूंगा."

झालं! म्हणजे कादरी ऑफिस सोडून तिकडं जाणार, पक्षकारही पळवणार. संध्याकाळी मी ते दादासाहेबांच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी अणदूरच्या दोघा भावांचा विहिरीच्या पाण्याचा दावा पुकारला गेला. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ चक्क शेजारी-शेजारी उभे. धाकटा आमचा पक्षकार, त्याच्यामागं कादरीसाहेब. राजीनामा दाखल झाला, असं कोर्टात सांगितलं गेलं तेव्हा मी चमकलो. आमच्या कारकुनाला विचारलं, तर तो हसायलाच लागला.

"अहो वकीलसाहेब, राजीनामा म्हंजी समेट! दोघं राजी झाले की राजीनामा. तुमच्या पुण्याकडं न्हाय का म्हणत?"

दादासाहेबांना दावा लढवायची हौस. आधी कळलं तर ते समेट मोडतील, म्हणून कादरीसाहेब गप्प राहिले होते. एवढंच होतं ते.

इथवरची चूक कुणाचीही झाली असती. मी जे सांगायचं टाळतोय, ते पुढं आहे. त्या दुपारी दादासाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही ऐकलात तो राजीनामा हाच तर नव्हे?"

एक ‘होय’ पुरे होतं, नाही का? पण मग मी कोण ठरलो असतो — चुगलखोर, आणि वर अडाणी. शिवाय उघड्या दारातून कादरीसाहेबांची खोली दिसत होती. ती मला हवी होती. मी म्हणालो, "नाही साहेब. सोडून जाण्याचाच. आपले पक्षकार घेऊन जाणार, असंही बोलत होते."

हे शेवटचं वाक्य मी तिथल्या तिथं रचलं.

दादासाहेब कुणाकडं खुलासा मागणारे नव्हते. त्यांनी कादरीसाहेबांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांची खोली मला मिळाली, पक्षकार मिळाले, पुढं नाव झालं. माझ्या हाताखाली कितीतरी ज्युनियर आले. दोघं कुजबुजताना दिसले की मी कान टवकारायचो. अजूनही टवकारतो.

जायच्या दिवशी कादरीसाहेब पुस्तकं बांधत होते. मी मदतीला गेलो. म्हणजे तसं दाखवायला गेलो. त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "किसी ने मेरे बारे में साहब के कान भरे. कौन, मालूम नै. तुम नये हो, भोले हो. इन लोगां से संभल के रहो."

"होय," मी म्हणालो, आणि दोरीची गाठ मारून दिली.